समजून घ्या : ‘सायटोक्रोम सी’ आणि कमला सोहोनी
पेशीत अन्नापासून ऊर्जा तयार होताना इलेक्ट्रॉनची ने-आण करणारे प्रथिन म्हणजे सायटोक्रोम सी. ते वनस्पतींच्या पेशींतही असते, हे दाखवले कमला सोहोनी यांनी. त्या लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी.

१९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून मुलींसाठी संस्थेची दारे उघडली.

पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर संशोधन करताना त्यांना वनस्पतींत हे प्रथिन आढळले. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. मायदेशी परतल्यावर मुंबईत त्यांनी गरिबांच्या आहारासाठी नीरेतील पोषक घटक तपासले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.