धुरक्याचे कोडे सोडविणारे हागेन-स्मित
विघ्नहर्त्याच्या या उत्सवात आम्ही यंदा हवेतल्या एका विघ्नाचा माग काढणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाचे स्मरण करीत आहोत.

आरी यान हागेन-स्मित यांचा जन्म १९०० साली नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे झाला. पुढे अमेरिकेत कॅलटेक या संस्थेत प्राध्यापक असताना ते अननसाच्या वासातील द्रव्ये शोधीत होते. त्या काळी लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरविणारे धुरके पसरे आणि लोक कारखान्यांच्या गंधकयुक्त धुराला दोष देत. हागेन-स्मित यांनी वास पकडण्याच्याच रीतीने ती हवा थंड करून तपासली. मोटारींच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पेट्रोलमधील न जळलेले हायड्रोकार्बन यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५२ साली मांडले. म्हणजे गाडी चालविणारा प्रत्येकजण या धुरक्याचा भागीदार ठरला! तेल व्यवसायाच्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांनी हे नाकारले. तेव्हा त्यांनी अननस बाजूला ठेवला आणि प्रयोगांनी आपले म्हणणे सिद्ध केले. १९६८ साली ते कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या पेट्रोल गाडीच्या पीयूसी तपासणीत तोच हायड्रोकार्बन मोजतात. ती तपासणी आम्हां सर्वांना नुसता कागद वाटू नये, एवढे या स्मरणातून साधले तरी पुरे.