रहीमसाहेब

रहाटणी किंवा शेजारचें पिंपळे सौदागर येथें सुटीच्या सकाळीं मुलांचा फुटबॉलचा सामना पाहावयास जो कोणी उभा राहील, त्यास चेंडूच्या आवाजापेक्षां कडेला उभ्या असलेल्या मोठ्या माणसांचा आवाज अधिक ऐकूं येईल. चेंडू कोणास द्यावा, केव्हां मारावा, कोठें धांवावें, हें सारें बाहेरून ओरडून सांगितलें जातें. आणि मुलगाहि पाय उचलण्यापूर्वीं बापाच्या किंवा शिक्षकाच्या तोंडाकडे पाहतो. असें दृश्य पाहिलें कीं आम्हांस सय्यद अब्दुल रहीम यांची आठवण होते. २०२४ सालीं निघालेल्या ‘मैदान’ या चित्रपटानें त्यांचें नांव पुष्कळ घरांत पोंचविलें आहे. तथापि रहीमसाहेब मुळांत शाळामास्तर होते, ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजीं हैदराबाद येथें झाला. उस्मानिया विद्यापीठांत शिकून ते त्याच शहरांतील शाळांतून शिकवूं लागले. १९४३ सालीं ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले, आणि मग मैदान हाच त्यांचा मोठा वर्ग झाला.

या वर्गाची रीत चमत्कारिक होती. चेंडू पायांत घोळवीत एकट्यानें पुढें जाण्यास मनाई, असा नियम घालून ते सामने भरवीत. विद्यार्थिमित्रहो, या नियमाचा परिणाम काय होतो तें पाहा. चेंडू आल्यावर विचार करण्यास वेळच उरत नाहीं. म्हणून तो येण्यापूर्वींच मान वर करून आपला गडी कोठें आहे व मोकळी जागा कोठें आहे, हें हेरून ठेवावें लागतें. दुसरे सामने केवळ कमजोर पायानें खेळावयाचे असत. ज्याचा एकच पाय चालतो, त्यास मैदानाची एकच बाजू मोकळी. दुसरा पाय तयार झाला कीं निवड करावयास अर्धें मैदान आणखी मिळतें. अशा खेळांत नियम गुरूनें घालावयाचा, पण त्याच्या आंत काय करावें हें ठरविणें मात्र मुलावर सोंपवावयाचें. पालकांपैकीं कित्येकांस हें ढिलेपणाचें वाटेल. आम्हांस मात्र यांतच खरी शिस्त दिसते, कारण येथें गुरूला गप्प राहावें लागतें, आणि तें फार कठीण आहे.

या शिक्षणाचें फळ मुंबईकरांनीं डोळ्यांनीं पाहिलें. १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पांच वर्षें त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५१ सालीं दिल्लीच्या आशियाई स्पर्धेंत भारतास सुवर्णपदक मिळालें. लगेच पुढच्या वर्षीं हेलसिंकी येथें युगोस्लाव्हियानें आपला १०–१ असा धुव्वा उडविला. आपले बहुतेक गडी तेव्हां अनवाणी खेळत. रहीमसाहेबांनीं त्यानंतर संघाची मांडणीच बदलली. १९५६ सालीं मेलबर्न येथें भारतानें ऑस्ट्रेलियास ४–२ असें हरविलें, तेव्हां त्यांतील तीन गोल मुंबईच्या मैदानांवर नांवाजलेल्या नेव्हिल डिसोझा यांचे होते. त्या ऑलिंपिकमध्यें भारत चौथा आला.

१९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेच्या वेळीं त्यांस फुप्फुसाच्या कर्करोगानें गांठलें होतें. पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें भारतास २–० असें हरविलें. पुढें थायलंडविरुद्ध खेळतांना जर्नेलसिंग या भक्कम बचावपटूचें डोकें फुटून टांके पडले. उपांत्य सामन्यास रहीमसाहेबांनीं त्यास बचावांत न ठेवतां आघाडीवर उभें केलें, आणि त्यानें गोल केला. (आजचे डॉक्टर अशा गड्यास मैदानांत पाऊल टाकूं देणार नाहींत, आणि तें योग्यच होय.) ४ सप्टेंबर रोजीं अंतिम सामन्यांत पुन्हां कोरियाशींच गांठ पडली. प्रेक्षकांचा प्रचंड समुदाय भारताविरुद्ध आरडाओरड करीत होता. त्या गोंगाटांत कडेवरून दिलेली सूचना कोणास ऐकूं जाणार? जें शिकले होते तेंच कामीं यावयाचें होतें. पी. के. बॅनर्जींनीं पहिला व जर्नेलसिंगानें दुसरा गोल केला, आणि भारत २–१ असा विजयी झाला.

११ जून १९६३ रोजीं रहीमसाहेब निवर्तले. त्या वेळीं त्यांचें वय त्रेपन्न वर्षांचें होतें. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेहि पुढें फुटबॉलचे शिक्षक झाले. पी. के. बॅनर्जींनींहि कलकत्त्यांत गड्यांच्या पिढ्या घडविल्या. आशियाई स्पर्धेंतील फुटबॉलचें सुवर्णपदक मात्र १९६२ नंतर भारताकडे परत आलेलें नाहीं.