समजून घ्या: 'तो मी नव्हेच' लिहिणारे आचार्य अत्रे आधी शाळेतल्या मुलांसाठी नाटकं का लिहायचे?

आचार्य अत्रे म्हटलं की कुणाला लखोबा लोखंडे आठवतो, कुणाला 'श्यामची आई', कुणाला संयुक्त महाराष्ट्राच्या सभा. पण या सगळ्याच्या आधी प्रल्हाद केशव अत्रे पुण्याच्या लष्कर भागातल्या एका शाळेचे हेडमास्तर होते. नाटककार म्हणून त्यांची सुरुवातही तिकीटबारीवर नाही, शाळेतच झाली.

नववी-दहावी आली की गॅदरिंगमधून नाव काढून घ्यायचं, नाटकापेक्षा क्लास महत्त्वाचा, हे आज अनेक घरांत ठरलेलं असतं. शाळेतलं नाटक ही खरंच चैन आहे की अभ्यासाचाच भाग? अत्रेंच्या आयुष्यात या प्रश्नाचं बरंचसं उत्तर सापडतं.

थोडक्यात

• जन्म: १३ ऑगस्ट १८९८, कोडीत, तालुका पुरंदर
• पेशा: शिक्षक, मुख्याध्यापक, नाटककार, कवी, पत्रकार, चित्रपट निर्माता-दिग्दर्शक
• गाजलेली नाटकं: 'साष्टांग नमस्कार', 'घराबाहेर', 'लग्नाची बेडी', 'उद्याचा संसार', 'मोरूची मावशी', 'तो मी नव्हेच'
• मृत्यू: १३ जून १९६९, मुंबई

सासवडचा मुलगा पुण्यात कसा आला?

अत्रेंचं बालपण सासवड परिसरात गेलं. कऱ्हा नदी, सोपानदेवांची समाधी आणि दरवर्षी मुक्कामाला येणारी माउलींची पालखी असं ते गाव. पुढे आत्मचरित्र लिहिताना त्यांनी नाव दिलं 'कऱ्हेचे पाणी', यावरून गावाशी असलेलं नातं कळतं.

पुण्यात फर्ग्युसन कॉलेजमधून ते १९१९ मध्ये बी.ए. झाले. याच काळात नाटककार राम गणेश गडकरी यांचा सहवास त्यांना मिळाला. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, तेव्हा अत्रे अवघ्या विशीत होते. पण शब्दांशी खेळायची गडकऱ्यांची हौस शिष्यात उतरली, ती कायमची. 'केशवकुमार' या नावाने अत्रेंनी कविता लिहिल्या आणि 'झेंडूची फुले' या विडंबन कवितांच्या संग्रहाने मराठी कवींची मनसोक्त फिरकी घेतली.

घर चालवायला मात्र त्यांनी मास्तरकी धरली. आधी मुंबईत शिकवलं आणि मग पुण्यात कॅंप एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कूलची जबाबदारी घेतली.

कॅंपातल्या शाळेत वेगळं काय होतं?

पुण्याचा लष्कर भाग म्हणजे इंग्रजांची छावणी आणि तिच्या आधाराने वाढलेली वस्ती. पेठांतल्या शाळांमध्ये शिक्षणाची परंपरा असलेल्या घरांतली मुलं जास्त. कॅंपात मात्र मराठी, तेलुगू, हिंदी, गुजराती, तमिळ अशा अनेक भाषा एकाच गल्लीत ऐकू यायच्या. अशा वर्गात पुस्तकी मराठी शिकवणं सोपं नव्हतं. घरी जी भाषा कुणी बोलत नाही, ती नुसती वाचून जिभेवर बसत नाही. तिच्यात बोलावं लागतं.

त्या काळात शिक्षक नवं शिकायला फारसे बाहेर जात नसत. अत्रे मात्र लंडनला गेले आणि १९२८ मध्ये तिथला अध्यापनाचा डिप्लोमा घेऊन परतले. पुढे पुण्यातच राजा धनराज गिरजी हायस्कूल आणि मुलींसाठी आगरकर हायस्कूल उभं करण्यात त्यांचा पुढाकार होता.

पाठ्यपुस्तकं हा त्यांचा आणखी एक मोठा उद्योग. सहकाऱ्यांसोबत त्यांनी 'नवयुग वाचनमाला' तयार केली. मुलांना कंटाळा येईल असा उपदेश कमी आणि गोष्ट, गंमत, कविता जास्त, असा तिचा बाज होता. मुलाला मजा वाटली तर तो शिकतो, हा विचार पुस्तकात होता तसाच शाळेच्या रंगमंचावरही होता.

मुलांसाठी नाटक लिहायची गरज का पडली?

गॅदरिंगला नाटक करायचं तर पंचाईत ठरलेली. तेव्हाची गाजलेली नाटकं मोठ्यांची होती. लांबलचक पदं, प्रेमप्रसंग, अवजड भाषा. ती शाळकरी मुलांच्या तोंडी शोभत नसत. मग हेडमास्तरांनीच लेखणी उचलली. १९३० च्या आसपास 'गुरुदक्षिणा' आणि त्यानंतर 'वीरवचन' ही नाटकं त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिली.

शाळेसाठी लिहिणाऱ्याला एक शिस्त आपोआप लागते. वाक्य मुलाच्या एका दमात बसायला हवं. विनोद शेवटच्या बाकावरच्या पोरालाही कळायला हवा. शक्य तितक्या मुलांना काम मिळायला हवं. पुढे अत्रेंच्या व्यावसायिक नाटकांचं वैशिष्ट्य म्हणून जे सांगितलं जातं, ते सोपं, खटकेबाज, लगेच पोहोचणारं संभाषण या शिस्तीशी जवळचं आहे.

शाळेतून थेट व्यावसायिक रंगभूमीवर?

मध्ये फार वर्षं गेली नाहीत. १९३३ मध्ये 'साष्टांग नमस्कार' हे त्यांचं नाटक बालमोहन नाटक मंडळीने रंगमंचावर आणलं. नावाप्रमाणेच बालनटांची कंपनी म्हणून ही मंडळी सुरू झाली होती. मूकपट जाऊन बोलपट आले होते, नाटक कंपन्या एकामागून एक बंद पडत होत्या. त्या पडत्या काळात या विनोदी नाटकाने प्रेक्षक परत खेचून आणले.

पाठोपाठ १९३४ मध्ये 'घराबाहेर' आणि १९३६ मध्ये 'लग्नाची बेडी' व 'उद्याचा संसार' आली. हसवता हसवता घरातल्या बाईची घुसमट मांडणारी ही नाटकं होती. 'मोरूची मावशी' हे 'चार्लीज आंट' या इंग्रजी प्रहसनावरून घेतलेलं. १९६२ मध्ये 'तो मी नव्हेच' आलं आणि प्रभाकर पणशीकरांचा लखोबा घराघरात पोहोचला. फिरत्या रंगमंचावर एकाच नटाने पाच रूपं घेण्याचा हा खेळ पुढे अनेक दशकं चालला.

दरम्यान १९४० मध्ये 'नवयुग' साप्ताहिक आणि १९५६ मध्ये 'मराठा' दैनिक सुरू झालं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अत्रेंची भाषणं ऐकायला मैदानं भरत. त्यांची जीभ आणि लेखणी अनेकदा बोचरीही होत असे. विरोधकांवरची त्यांची टीका काही वेळा मर्यादा ओलांडायची, हे त्यांचे चाहतेही मान्य करतात.

शाळकरी मुलगा पुन्हा केंद्रस्थानी

अत्रेंच्या कामात विद्यार्थी शेवटपर्यंत राहिला. साने गुरुजींच्या पुस्तकावरचा 'श्यामची आई' हा चित्रपट त्यांनी १९५३ मध्ये काढला. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्यातला श्याम साकारणारे माधव वझे तेव्हा लहान होते. पुढे ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले, दिग्दर्शन केलं आणि नाट्यसमीक्षक म्हणून नावाजले गेले.

पण नाटक केलेली सगळी मुलं नट होतात का?

नाही, आणि खरा मुद्दा तोच आहे. 'गुरुदक्षिणा'मध्ये काम केलेल्या मुलांपैकी बहुतेक जण नंतर नोकरी-धंद्यालाच लागले असणार. मग त्यांना काय मिळालं?

कॅनडातल्या टोरांटोमध्ये ग्लेन शेलेनबर्ग या मानसशास्त्रज्ञाने केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट केले. दोन गटांना संगीत, एका गटाला नाटक शिकवलं आणि एकाला काहीच नाही. वर्षभरानंतर संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा किंचित जास्त वाढला. नाटकवाल्यांचा तसा वाढला नाही. पण इतरांशी वागण्या-बोलण्यात, जुळवून घेण्यात सुधारणा दिसली ती फक्त नाटकाच्या गटात.

मुलं लहान होती, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा नववीच्या वर्गाला लावता येणार नाही. पण दिशा कळते. नाटकाने गणिताचे मार्क वाढतील असं आश्वासन देणं चुकीचं. नाटकातून मिळतं ते वेगळं:

• आवाज: शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट बोलायची सवय
• ऐकणं: समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं, कारण आपलं वाक्य त्यावर अवलंबून असतं
• दुसऱ्याच्या जागी उभं राहणं: सावकाराच्या मुलाला कुळाची भूमिका करावी लागणं
• चूक सावरणं: वाक्य विसरलं तरी प्रयोग थांबवता येत नाही
• जबाबदारी: पडदा ओढणाऱ्याने उशीर केला तर नायकाचीही फजिती होते

खडकवासल्याच्या मुलांना याचा काय उपयोग?

एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या खडकवासला धरणाचं पाणी पुणे आणि खडकीच्या छावण्यांना मिळायचं. म्हणजे अत्रेंच्या शाळेचा परिसर याच पाण्यावर वाढला. आता खडकवासला गावच शहरात आलं आहे. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांत त्याचा समावेश होता. शहराची मोठी नाट्यगृहं मात्र अजून लांबच आहेत.

या गावाला रोज दिसणारं एक उदाहरण घेऊ. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, इथेच आहे. २०२२ पासून मुलींनाही तिथे प्रवेश आहे. एनडीएच्या निवडीत लेखी परीक्षेला ९०० गुण असतात आणि एसएसबी मुलाखतीलाही ९००. या मुलाखतीच्या टप्प्यात गटचर्चा होते, ऐनवेळी मिळालेल्या विषयावर सुमारे तीन मिनिटं बोलावं लागतं, गटाने मिळून कामं पूर्ण करावी लागतात. क्लासमध्ये लेखीची तयारी होते. पण चार लोकांसमोर उभं राहून न अडखळता बोलण्याची सवय एका महिन्याच्या कोर्समध्ये लागत नाही. ती शाळेतच लागायला हवी.

नियम काय सांगतात?

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने संगीत, नृत्य आणि दृश्यकलांसोबत नाटकालाही कलाशिक्षणात जागा दिली आणि दहावीपर्यंत कलाशिक्षण असावं असं सांगितलं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातली भिंत पाडायला सांगतं. २०२३ च्या शालेय आराखड्यातही नाटक आहे. कागदावर कमी नाही. वेळापत्रकात तास मिळतो का आणि तो घ्यायला शिक्षक असतो का, अडचण तिथे आहे.

मग शाळा काय करू शकते?

अत्रेंच्या शाळेकडे फिरता रंगमंच नव्हता. आजही तो लागत नाही. आठवड्यातला एक तास, बाकं बाजूला सारलेला वर्ग आणि पाठ्यपुस्तकातला एखादा धडा एवढ्यावर सुरुवात होते. धड्याचे संवाद मुलांनीच लिहायचे, भूमिका दर आठवड्याला बदलायच्या. एकच अट पाळावी लागते: फक्त हुशार आणि धीट मुलांना निवडायचं नाही. ज्या मुलाचा आवाज वर्गात कधी ऐकू येत नाही, त्यालाच या तासाची सर्वात जास्त गरज असते.

अत्रेंच्या नावाने आज पिंपरीत रंगमंदिर आहे, कल्याणमध्ये नाट्यगृह आहे. तिथे होणारे प्रयोग पाहायला प्रेक्षक लागतात आणि ते प्रेक्षकही शाळेतच घडतात. हेडमास्तर अत्रेंनी मुलांच्या हाती नाटक दिलं तेव्हा सगळ्यांना नट करायचं हा हिशेब नव्हता. कॅंपातल्या पोरांनी चारचौघांत उभं राहून मराठीत मोकळेपणाने बोलावं, एवढं साधलं तरी शाळेचं काम झालं होतं.