स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे विद्याकुल

ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत, ज्याने जात, गोत्र आणि घर या तिहींचाही त्याग केला अशा संन्याशाचे चरित्र देण्याचे आम्ही योजिले, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आपल्या सभासद कुटुंबांतील मुलेमुली आता मोठ्या संख्येने विद्यापीठांत जात आहेत; आणि विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेऊन पदवी देणारी कचेरी, की एकमेकांना धरून राहणाऱ्या माणसांचे कुल, हा प्रश्न पालकांना पडू लागला आहे. या प्रश्नाशी ज्याचे सारे आयुष्य निगडित झाले असा पुरुष आपल्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईस वावरून गेला.

स्वामीजींचा जन्म 3 ऑक्टोबर 1903 रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. असहकाराच्या चळवळीत त्यांनी सरकारी शाळा सोडली व पुढे पुण्याच्या टिळक महाविद्यापीठात शिक्षण पुरे केले. 1921 साली निघालेल्या त्या विद्यापीठाच्या पदवीस सरकारदरबारी मान नव्हता. तिच्या बळावर कोणास सरकारी नोकरी मिळण्याची आशा नव्हती, म्हणून तेथे येणारा विद्येसाठीच येई. नंतर काही काळ त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले.

1929 साली ते निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यातील राष्ट्रीय शाळेत आले. त्या वेळची परिस्थिती येथे सांगितली पाहिजे. राज्यात 1918 पासून उस्मानिया विद्यापीठ चालू होते. उच्च शिक्षण देशी भाषेतून देण्याचे धाडस त्याने केले आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले, हे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो. पण ती भाषा उर्दू होती. आणि मराठी, तेलुगू वा कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या मुलास त्या दारात परकेपणाच वाटे. हिप्परग्यासारख्या शाळा ही उणीव आपल्या अल्प शक्तीनुसार भरून काढीत.

1932 साली व्यंकटेशरावांनी संन्यास घेतला; मात्र शिकविणे सोडले नाही. भगवी वस्त्रे धारण केलेला हा मुख्याध्यापक वर्गात उभा राहिला की मुलांस काय वाटत असेल, याची कल्पना करण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. पुढे शाळेत मतभेद झाले. विद्याकुलातही भाऊबंदकी होते, हे लपविण्यात अर्थ नाही. 1935 मध्ये स्वामीजी व त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे अंबाजोगाईस आले. आद्यकवी मुकुंदराज व दासोपंतांच्या या गावाचे निजामी दप्तरातील नाव तेव्हा मोमिनाबाद असे होते. तेथे योगेश्वरी विद्यालयाच्या कार्यास त्यांनी वाहून घेतले. इमारत मागे राहिली, पण माणसे बरोबर आली. त्यांच्यासवे शाळाही आली असेच म्हणावे लागेल.

1938 साली स्वामीजींनी शाळा सोडून स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उडी घेतली व कारावास पत्करला. त्याच हिवाळ्यात औरंगाबादच्या महाविद्यालयात आणि हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठात, वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांवर कारवाई झाली व शेकडो विद्यार्थी बाहेर पडले. ही मुले जाणार कोठे? नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना आपल्याकडे प्रवेश दिला. एका विद्यापीठाने ज्यांस घालविले त्यांस दुसऱ्याने पदरात घेतले. या विद्यार्थ्यांतच पी. व्ही. नरसिंह राव होते. ते 1991 मध्ये देशाचे पंतप्रधान झाले. स्वामीजींस ते गुरुस्थानी मानीत. वर्गात न बसताही गुरुशिष्यांचे नाते जुळते, ते असे.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व स्वामीजींनी केले, ते सर्वश्रुत आहे. 17 सप्टेंबर 1948 रोजी संग्राम सफल झाला. आम्हांस त्याहून मोलाचे वाटते ते असे की, अवघ्या दोन वर्षांत, 1950 साली, नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले आणि त्याच्या संस्थापकांत हा संन्यासी होता. नरहर कुरुंदकर पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. 1958 साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. स्वामीजी 22 जानेवारी 1972 रोजी निवर्तले.

त्यानंतर जे घडले ते त्यांना पाहावे लागले नाही. 1978 साली मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव होताच मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. एकाच विद्यापीठात मुले धाडणारी गावे एकमेकांची वैरी झाली. नामविस्तारास 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले. त्या सोळा वर्षांत या प्रदेशातील ज्ञातिसंस्थांनी काय केले, कोठे मौन धरले, याचा हिशेब आपणही मांडला पाहिजे. स्वामीजींच्या तसबिरीस हार घालताना तर विशेषच.

त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडास नवे विद्यापीठ निघाले व पुढे त्यास स्वामीजींचे नाव मिळाले. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासही तेच नाव आहे. पण बीड जिल्हा नांदेडच्या विद्यापीठाच्या कक्षेत येत नाही. स्वामीजींनी जेथे खडू हाती धरला, त्या अंबाजोगाईच्या कला वा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याच्या पदवीवर डॉ. आंबेडकरांच्या नावाच्या विद्यापीठाची मुद्रा असते.