डेबूजी जानोरकर : गाडगेबाबांच्या कुळाचा माग कुठपर्यंत लागतो?

अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानालाही त्यांचंच नाव आहे. पण गाडगेबाबांचं मूळ आडनाव काय, असं विचारलं की बरेच जण अडखळतात. ते होतं जानोरकर. पूर्ण नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर.

आडनावाच्या शेवटी कर आला की पूर्वज त्या गावचे, हा आपला साधा हिशोब. म्हणजे जानोरकर हे जानोरीचे. पण कुठल्या जानोरीचे? एक जानोरी शेगाव तालुक्यात आहे, दुसरी थेट नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात. बाबांचं जन्मगाव वऱ्हाडातलं असल्यामुळे अंदाज शेगावकडे झुकतो. पण तो अंदाजच. अंदाजावर वंशावळ लिहिता येत नाही.

जन्मगावाचंही तसंच. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं हे गाव कुठे शेंडगाव असं छापलेलं सापडतं, तर कुठे शेणगाव. गाव एकच. जुन्या नोंदी शोधणाऱ्याचा निम्मा वेळ अशा एका अक्षराच्या फरकात जातो.

जन्मतारीख मात्र बऱ्यापैकी पक्की वाटते. घरच्यांनी लक्षात ठेवली ती तिथी, महाशिवरात्र. चरित्रांमध्ये तारीख येते २३ फेब्रुवारी १८७६. पंचांग मागे फिरवून पाहिलं, तर त्या वर्षीची माघी अमावास्या २४-२५ फेब्रुवारीच्या सुमारास पडते. म्हणजे तिथी आणि तारीख दोन्ही जुळतात.

त्या काळच्या वऱ्हाडात सामान्य माणसाची नोंद व्हायची ती कोतवाल बुकात. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला आणि पुढे गावोगाव जन्ममृत्यू लिहिले जाऊ लागले. या नोंदीत बापाचं नाव असतं, जात असते, मूल मुलगा की मुलगी एवढं असतं. बाळाचं नाव बहुतेकदा नसतंच, कारण नोंद व्हायची बारशाच्या आधी. त्यामुळे एकाच बापाला तीन मुलगे असतील, तर त्यातला आपला पणजोबा कोणता हे ठरवताना घाम फुटतो.

हे सगळं फक्त हौसेपुरतं नाही. आजही जातपडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखेच्या आधीचे पुरावे शोधावे लागतात. एखाद्या पोराची ॲडमिशन पणजोबाच्या नावापुढे लिहिलेल्या एका शब्दावर अडते.

दुसरी वही असते तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांची. नाशिक-त्र्यंबकला गेलेल्या घराण्यांची गाववार वंशावळ त्यात मिळते. पण त्यात नाव यायला आधी यात्रा परवडावी लागते. जानोरकरांचं घर परिटाचं. बहुतेक चरित्रांमध्ये वडिलांकडची बाजू आजोबा राणोजींपाशी येऊन थांबते. वडील झिंगराजी दारूपायी १८८४ मध्ये गेले, तेव्हा डेबू आठ वर्षांचा होता.

इथून पुढे सगळा माग आईच्या बाजूने लागतो. सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आल्या. जिल्हा बदलला, अमरावतीचा अकोला झाला. आजोबा हंबीरराव, मामा चंद्रभान. डेबू तिथे गुरं राखत आणि शेती करत मोठा झाला. १८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं.

दापुऱ्यात या घराने कागदाची ताकद पाहिली. मामा सावकाराच्या कर्जात अडकले आणि जमीन हातची गेली. त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत. शिक्षण नसलेला डेबू मात्र सावकाराचा माणूस ताबा घ्यायला आला तेव्हा शेतात पाय रोवून उभा राहिला. पुढे हाच माणूस आयुष्यभर कीर्तनातून कर्ज काढू नका आणि पोरांना शिकवा, हे सांगत फिरला. त्यामागे हे शेत होतं, असं मानायला हरकत नाही.

भावकीशीही त्याचं वाजलं. मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची पंगत घालायची रीत होती. डेबूने गोडाधोडाचं जेवण घातलं. जातभाई चिडले.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्याने घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात काठी, जेवायला आणि पाणी प्यायला एक मातीचं गाडगं. लोक त्याला त्या गाडग्यावरूनच ओळखू लागले आणि जानोरकर हे नाव मागे पडलं.

पण घरची माणसं पूर्णपणे सुटली नाहीत. पूर्णेच्या काठावरच्या रिणमोचनला पौषातल्या रविवारी जत्रा भरते. तिथे आई, बायको, पोरं यांची गाठ पडायची. बाबांनी घाट बांधायला घेतला तोही इथेच. १९२३ मध्ये मुलगा गोविंद गेला. ती बातमी कोकणात खारेपाटणला कीर्तन सुरू असताना आली आणि बाबांनी कीर्तन थांबवलं नाही, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. हे वाचताना कुंताबाईंवर त्या दिवशी काय गुजरली असेल, हा प्रश्न मनात येतोच.

पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. लाखोंच्या मालमत्तेचा वारस कोण, हा प्रश्न आला असता. बाबांनी तो येऊच दिला नाही. सगळं ट्रस्टच्या नावावर केलं, नातेवाइकांना त्यापासून लांब ठेवलं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेकडे दिली. शिष्य केले नाहीत, त्यामुळे गुरुपरंपरेची वंशावळही नाही. ज्या नाशकात लोक आपली कुळं वहीत शोधायला जातात, तिथे या माणसाने यात्रेकरूंना टेकायला जागा बांधली.

प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांचं चरित्र त्यांच्या हयातीतच लिहिलं, म्हणून दापुऱ्याच्या बऱ्याच गोष्टी आज आपल्यापर्यंत पोहोचल्या.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर १४ दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळच्या वलगावला पेढी नदीच्या पुलावर प्रवासातच गाडगेबाबांनी प्राण सोडला. समाधी अमरावतीत आहे, त्या भागाचं नाव गाडगेनगर. आज तिथे पत्ता लिहिणारा प्रत्येक जण गाडगे हे नाव लिहितो, जानोरकर कुणीच लिहीत नाही.