घोड्यांचा डॉक्टर आणि हवेचे चाक

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या मामांच्या मनाने घेतले, की आपल्या जुन्या पिकअपची उंची वाढवायची. शेताकडे जाणारी वाट काळ्या मातीची. बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल, की गाडीचे पोट मधल्या उंचवट्याला घासते. मागच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवला आणि खाली ठोकळे बसवले की गाडी चांगली चार बोटे वर येते, असे कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवले होते. हिशेब शिकणारा भाचा म्हणून खर्चाचा अंदाज घ्यायला मला बरोबर नेले. गॅरेजातल्या मिस्त्रींनी मामांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, गाडीखाली शिरले, आणि बाहेर येऊन त्यांनी जे सांगितले त्यातून मला हा लेख सुचला.

त्यांचे म्हणणे असे होते. पाटे वाढवले तर हौदा वर जाईल. पण चाकांचा आस आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहील, आणि वाटेला घासतो आहे तो नेमका तोच. आस वर उचलणारी वस्तू एकच, ती म्हणजे टायर. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर आस एक इंच वर येतो. पण हावरेपणा करून फार मोठे टायर घातले तर वळताना ते मडगार्डला लागतात, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो, आणि चढावर जुन्या इंजिनाला धाप लागते. वर आणखी एक पाटा घातला की रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्याला उडणार, ते निराळेच. परवडेल असा मार्ग त्यांच्या मते एवढाच, की झिजलेले टायर काढून खोल नक्षीचे, जराशा मोठ्या मापाचे टायर घालावेत, पिचलेले पाटे बदलावेत, आणि बाकीचे खूळ सोडून द्यावे. मामा गप्प झाले. मी मात्र कोपऱ्यात रचलेल्या जुन्या टायरांकडे बघत होतो. त्यांतल्या एकावर पुसट अक्षरांत डनलॉप असे नाव होते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे नाव नवे नाही. कराराच्या कायद्याच्या तासाला ते हमखास भेटते. डनलॉप कंपनीने सेल्फ्रिज या दुकानदारावर लावलेला दावा १९१५ साली फेटाळला गेला, कारण त्या दोघांमध्ये करारच नव्हता. आणि त्याच्या आदल्या वर्षी, १९१४ साली, न्यू गॅरेजवरचा दावा कंपनीने जिंकला, कारण दर टायरमागे ठरवलेले पाच पौंड हा दंड नसून नुकसानीचा आगाऊ अंदाज आहे, असे ठरले. परीक्षेपुरते एवढे पुरते. पण मित्रहो, डनलॉप नावाचा कोणी हाडामांसाचा माणूस होता, आणि हे दोन्ही दावे चालू असताना त्याचा त्या कंपनीशी जवळजवळ वीस वर्षे काही संबंध उरलेला नव्हता, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. आपण दोन महिने आधी जन्मलो असे त्यांना लहानपणीच सांगण्यात आले होते, आणि त्यावरून आपली प्रकृती नाजूक असल्याची त्यांनी जन्मभराची खूणगाठ बांधली. प्रत्यक्षात ते एक्याऐंशी वर्षे जगले आणि अखेरच्या दुखण्यापर्यंत कधी फारसे आजारी पडले नाहीत. एडिंबरो येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन एकोणिसाव्या वर्षी ते गुरांचे आणि घोड्यांचे डॉक्टर झाले. १८६७ साली समुद्र ओलांडून ते आयर्लंडमध्ये गेले. आधी डाउनपॅट्रिक गावी भावाबरोबर दवाखाना, मग बेलफास्ट शहरात स्वतःचा. १८७१ साली त्यांचा विवाह झाला. एक मुलगी, एक मुलगा. १८८५ च्या सुमारास त्यांचा दवाखाना आयर्लंडातल्या सर्वांत मोठ्या दवाखान्यांपैकी एक मानला जाई. म्हणजे चाळिशी उलटलेला, बऱ्यापैकी पैसा मिळवणारा, दाढीवाला, शांत स्वभावाचा गृहस्थ. अशा माणसाकडून जगाने कसली अपेक्षा ठेवावी?

परंतु दोन गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडल्या होत्या. आजारी जनावरे पाहण्यासाठी खराब रस्त्यांवरून मैलोन्‌मैल गाडी हाकल्यामुळे धक्का म्हणजे काय हे त्यांना हाडांपर्यंत ठाऊक होते. आणि आपल्या व्यवसायाच्या गरजेसाठी रबराच्या लहानसहान वस्तू ते स्वतः तयार करीत, त्यामुळे हे चिवट द्रव्य त्यांच्या हातातले होते.

१८८७ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. त्यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्या तीनचाकी सायकलला त्या काळच्या रीतीप्रमाणे भरीव रबराच्या धावा होत्या आणि बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांचे. पोराची हाडे खिळखिळी होत. वडिलांनी लाकडाची एक मोठी गोल तबकडी घेतली, पातळ रबराच्या पत्र्याची नळी केली, तिच्यावर कापडाचा पट्टा ओढून तो तबकडीच्या कडेला खिळ्यांनी ठोकला, आणि फुटबॉलच्या पंपाने आत हवा भरली. मग आपल्या अंगणात त्यांनी एक परीक्षा घेतली. तीनचाकीचे मूळ चाक आणि ही हवेची तबकडी एकामागून एक ढकलून दिली. मूळ चाक थोडे जाऊन कोलमडले. तबकडी मात्र अंगणाच्या टोकापर्यंत गेली, फाटकाच्या खांबावर आदळली आणि उलट फिरून परत आली.

यात काय घडले ते समजावून घेण्यासारखे आहे. भरीव चाकासमोर दगड आला की सगळे चाक, आणि त्याबरोबर गाडी व माणूस, दगडाच्या उंचीइतके वर उचलावे लागते. पुढे जाण्याची शक्ती त्या उचलण्यात आणि आपटण्यात खर्च होते. हवेच्या धावेचा मात्र दगडापुरताच भाग आत दबतो आणि दगड मागे पडताच दाबलेली हवा तो भाग पुन्हा बाहेर ढकलते. गाडी जवळजवळ सपाट चालते. डनलॉप निघाले होते पोराचे धक्के कमी करायला, आणि हाती लागली ती गती. पाटे धक्का आसाच्या वर अडवतात, हवा तो आसापर्यंत पोहोचूच देत नाही. आमचे मिस्त्री मामांना याहून वेगळे काय सांगत होते?

तीनचाकीला नव्या धावा बसल्या. मग मोठ्या सायकलीला. ७ डिसेंबर १८८८ रोजी पेटंट मिळाले. आता हे पाहणाऱ्या लोकांना पटायचे तर शर्यत जिंकणे भाग होते, आणि कॉलेजच्या नियतकालिकात लिहिताना मला विशेष आनंद वाटतो तो असा, की ती शर्यत एका कॉलेजच्या क्रीडामहोत्सवात झाली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या स्पर्धांत विली ह्यूम नावाचा सायकलपटू हवेचे टायर लावून उतरला. त्या जाडजूड, फुगीर चाकांकडे बघून प्रेक्षक हसले. सायकलच्या चारही शर्यती ह्यूमने जिंकल्या. लवकरच लिव्हरपूलला जाऊन त्याने एक सोडून सगळ्या शर्यती मारल्या. हसणारे आपापल्या सायकलींना तसली चाके कुठे मिळतील याची चौकशी करू लागले.

ह्यूमकडून हरलेल्यांत हार्वे द्यू क्रो या डब्लिनच्या व्यापाऱ्याचे मुलगे होते. बापाने हार मनाला लावून घेतली नाही, ती बाजारभावात मोजली. पशुवैद्याला गाठून १८८९ सालीच त्याने डब्लिनमध्ये कंपनी उभी केली. डनलॉप यांनी पेटंटचे हक्क कंपनीला दिले आणि बदल्यात भाग घेतले.

आणि मग कुऱ्हाड कोसळली. पेटंट मिळून दोन वर्षे होतात न होतात तोच सरकारकडून कळवण्यात आले, की हे पेटंट ग्राह्य नाही. कारण हीच कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच नोंदवली होती. थॉमसनने घोड्याच्या बग्गीला हवेची चाके लावून ती लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये चालवूनही दाखवली होती. पण तेव्हा सायकल नव्हती, मोटार नव्हती, पातळ रबर महाग होते. गिऱ्हाईकच नसल्याने कल्पना कागदात निजून राहिली. पुढे खुद्द थॉमसनने हवेचा नाद सोडून आपल्या वाफेच्या रस्तागाड्यांना जाड भरीव रबर बसवले. तशा गाड्या १८७० नंतर आपल्या देशात पंजाबातही चालवून पाहण्यात आल्या. १८७३ साली तो वारला. डनलॉप यांनी त्याचे नावही ऐकले नव्हते. एकाच गोष्टीचा शोध दोघांनी लावला, आणि कायद्याच्या पुस्तकात शोधाला आधीची तारीखच विचारतात. हे न्यायाचे आहे, असे मला वाटते. तरी वाचताना वाईट वाटते, हेही खरे.

कंपनी तेथेच बुडायची. ती तरली द्यू क्रोच्या व्यापारी बुद्धीमुळे. डनलॉपच्या मूळ टायरमध्ये एक मोठी खोट होती. तो चाकाला चिकटवलेला असे, त्यामुळे एक काटा लागला की दुरुस्तीला वेळ आणि कौशल्य दोन्ही लागत. १८९० साली वेल्श नावाच्या इंग्रजाने कडेला तार घातलेला, काढता-घालता येणारा टायर शोधला, आणि त्याच वर्षी बार्टलेट याने कडा अडकवण्याची दुसरी युक्ती काढली. द्यू क्रोने ही पेटंटे कंपनीच्या ताब्यात आणली. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी १८९१ साली आपला सुटा होणारा टायर काढला. तेव्हा आज आपण वापरतो तो टायर डनलॉपच्या अंगणातला नव्हे. त्याची हवा डनलॉपची, पण कडा दुसऱ्यांच्या. इकडे डब्लिनमध्ये रबराच्या कारखान्याच्या वासाने लोक हैराण झाले, नगरपालिकेने तक्रार केली, आणि कंपनीला आपला पसारा सायकलींचे माहेरघर असलेल्या कॉव्हेंट्रीकडे हलवावा लागला.

या धामधुमीत डनलॉप यांचे मन रमले नाही. १८९५ साली ते कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी हूली नावाच्या सट्टेबाजाने ती कंपनी तीस लक्ष पौंडांना विकत घेतली आणि लागलीच पन्नास लक्ष पौंडांना लोकांच्या गळ्यात घातली. मधल्या काळात टायर होता तसाच होता. वाढले होते ते फक्त नावाचे मोल, ज्याला आमच्या जमाखर्चाच्या पुस्तकात गुडविल म्हणतात. ते नाव ज्याचे होते त्याच्या वाट्याला यातले मोठे घबाड आले नाही. हूलीचेही दोन वर्षांत दिवाळे निघाले, तो भाग सोडा.

डनलॉप डब्लिनमध्ये राहत होते. एका कापडाच्या दुकानात त्यांची भागीदारी होती, तीत त्यांचे चांगले चालले होते. गाड्यांवर, भिंतींवर, वर्तमानपत्रांत आपले नाव ते रोज वाचत असणार. आपले चित्र आणि सही वापरण्याचा हक्क त्यांनी कंपनीला पूर्वीच दिलेला होता. कंपनीच्या जाहिरातदारांनी त्या हक्काचे काय केले? त्या दाढीवाल्या चेहऱ्याखाली एका छानछोकी माणसाचे धड जोडले: उंच पांढरी टोपी, पांढरी बंडी, हातात छडी, डोळ्याला एकभिंगी चश्मा. साध्या राहणीच्या वृद्ध पशुवैद्याला हे सहन झाले नाही. पेटंट गेले तेव्हा, पैसा दुसऱ्यांनी नेला तेव्हा त्यांनी जो आरडाओरडा केला नव्हता, तो आता केला. स्वतःच्याच नावाच्या कंपनीवर त्यांनी बदनामीचा दावा लावला आणि तो प्रकार थेट लॉर्डांच्या सभागृहापर्यंत पोहोचला. डनलॉप विरुद्ध डनलॉप! आमच्या अभ्यासक्रमात हा खटला नाही. असायला हवा होता.

१९२१ च्या ऑक्टोबरात त्यांना थंडी बाधली आणि २३ तारखेला ध्यानीमनी नसताना ते गेले. डब्लिनजवळच्या डीन्स ग्रेंज दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. त्यांनी लिहून ठेवलेली टायरची हकीगत मुलीने मागाहून छापून प्रसिद्ध केली. पुढे उत्तर आयर्लंडच्या नॉर्दर्न बँकेने आपल्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. त्यात टोपी-छडी नाही, त्यांची आपली दाढीच आहे.

आपल्याकडे हे नाव हुगळीकाठच्या साहागंजच्या कारखान्यामुळे पसरले, जो १९३६ साली सुरू झाला आणि आता बंद पडला आहे. पण त्याहून अधिक ते रुजले बैलगाडीमुळे. लोखंडी धावेची लाकडी चाके जाऊन रबरी टायर आले, तेव्हा तेच ओझे बैलांना हलके झाले. माझे आजोबा अशा गाडीला टायरगाडी न म्हणता डनलॉपच म्हणत, मग टायर कुठल्याही कंपनीचा असो. जनावरांच्या डॉक्टराचे नाव जनावराच्या गाडीला मिळाले, याची कल्पना आजोबांना नव्हती आणि डनलॉप यांना असणे शक्यच नव्हते.

मामांनी मिस्त्रींचे ऐकले. टायर नवे घेतले, मागचे दोन पाटे बदलले, उंचीचा विषय पुन्हा काढला नाही. त्या पावसाळ्यात पिकअप शेताच्या वाटेवर एकदाच रुतली, आणि शेजारच्यांनी टायरगाडीचे बैल सोडून आणून तिला बाहेर ओढले.