क्ष-किरणांचे संशोधक राँटगेन

शरीरातील हाड मोडले किंवा त्यात गाठ उद्भवली, तर पूर्वीच्या वैद्यांना ती जागा वरून चाचपूनच ओळखावी लागे. त्वचा व मांस कापल्यावाचून हाड पाहण्याचा मार्गच मनुष्याला ठाऊक नव्हता. तो मार्ग ज्यांनी दाखविला, ते शास्त्रज्ञ म्हणजे विल्हेल्म राँटगेन.

राँटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. त्यांचे वडील कापडाचे व्यापारी होते. विल्हेल्म तीन वर्षांचा असताना हे कुटुंब हॉलंडमध्ये राहावयास गेले. पुढे उट्रेख्ट येथील शाळेत एका विद्यार्थ्याने शिक्षकांचे व्यंगचित्र काढले. ते काढणाऱ्याचे नाव सांगण्यास विल्हेल्मने नकार दिला. परिणामी त्यालाच शाळेतून काढून टाकण्यात आले, आणि प्रमाणपत्राअभावी अनेक विद्यापीठांची दारे त्याला बंद झाली. तरीही तो खचला नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे त्याने यंत्रविद्येचे शिक्षण घेतले व १८६९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. त्यानंतरही शाळेच्या प्रमाणपत्राचा प्रश्न आड आलाच. जर्मनीतील व्युर्झबुर्ग विद्यापीठाने त्यांना अध्यापनाचा अधिकार नाकारला. पण त्याच विद्यापीठाने १८८८ मध्ये त्यांना प्राध्यापक म्हणून सन्मानाने बोलावून घेतले!

८ नोव्हेंबर १८९५ रोजी सायंकाळी राँटगेन अंधाऱ्या प्रयोगशाळेत काम करीत होते. काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या काचेच्या नळीतून त्यांनी विद्युत्प्रवाह सोडला. तोच दूर ठेवलेला, रसायनाचा लेप दिलेला पडदा चमकू लागला. पुठ्ठ्यातून प्रकाश बाहेर येणे शक्य नव्हते. मग हे किरण कोणते? कित्येक आठवडे ते या एकाच प्रश्नामागे लागले. हे किरण मांसातून सहज पार होतात, हाडांत मात्र बरेचसे अडतात, असे त्यांना आढळले. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि बोटातील अंगठी दिसत होती. बीजगणितात अज्ञात राशीला आपण ‘क्ष’ म्हणतो. त्याच अर्थाने या अज्ञात किरणांना ‘क्ष-किरण’ हे नाव मिळाले.

१९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक राँटगेन यांना लाभले. ती रक्कम त्यांनी आपल्या विद्यापीठास दिली. या शोधाचे पेटंट घेऊन त्यांना अपार संपत्ती मिळविता आली असती. परंतु तसे न करता त्यांनी तो सर्वांसाठी खुला ठेवला. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्यूनिक येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी लावलेले रोप पुढे वाढतच गेले. क्ष-किरणांना संगणकाची जोड देणाऱ्या सी. टी. स्कॅन यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये प्रथमच रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. मुलांच्या हाडात कधी कधी कर्करोगाची नसलेली, बहुधा दोन सेंटिमीटरांहूनही लहान अशी एक गाठ होते. गाठ इवलीशी, पण रात्री ती असह्य ठणकते. पूर्वी शस्त्रक्रियेने हाड कोरून ती काढावी लागे. १९९० नंतरच्या दशकात नवी पद्धत रूढ होऊ लागली. रुग्णास भूल देऊन, सी. टी. स्कॅनच्या चित्रात पाहत डॉक्टर एक बारीक सुई नेमकी गाठीत नेतात. सुईच्या टोकाशी सुमारे ९० अंश सेल्सिअस उष्णता निर्माण करून काही मिनिटांत गाठ जाळली जाते. त्वचेवर केवळ लहानसे छिद्र राहते, आणि पुष्कळदा मूल दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी जाते.

अशा मुलाला राँटगेन यांचे नाव कदाचित ठाऊकही नसेल. पण ज्या किरणांनी त्याची व्यथा शोधून काढली, ते राँटगेन यांनी कोणतेही मोल न घेता जगाच्या हाती दिले होते.